सरकीच्या मैदानावरचा कॅम्प

गद्रे साहेबांनी बुटाच्या टोकानं मैदान उकरलं आणि खालून सरकी निघाली.

"हे काय आहे, बोंडे?"

"सरकी आहे साहेब. कापसाचं बी."

"ते मलाही दिसतंय. बेसबॉलच्या मैदानात सरकी काय करते आहे?"

"ती पहिलेपासून इथंच आहे साहेब," आमचे बोंडे सर म्हणाले. "बेसबॉल मागून आला."

मी तोंडाला जाळीचा मास्क लावून होम प्लेटमागं बसले होते म्हणून बरं. माझं हसू साहेबांना दिसलं नाही. कॅचरला हा एक फायदा असतो. पिचरनं फेकलेला चेंडू बॅटीमागं उकिडवं बसून झेलायचा, गुडघे कामातून जातात, पण तोंड वेडंवाकडं केलं तरी कोणी विचारत नाही.

सरांचं उत्तर मात्र खरं होतं. आमच्या अंजनखेडात आधी जिन आला, कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळीपासून त्याच्या मैदानावर कापसाच्या गंज्या लागत आणि शिमगा येईतो सगळा कापूस गठाणी होऊन निघून जाई. मागं उरायचं मोकळं मैदान, मजुरांच्या रिकाम्या खोल्या आणि सरकी. बोंडे सर हायस्कुलात पीटी शिकवायचे. कुठल्याशा ट्रेनिंगला पतियाळाला गेले आणि येताना हातात एक चामड्याचा ग्लोव्ह आणि डोक्यात बेसबॉल घेऊन आले. जिनाच्या शेठकडे जाऊन म्हणाले, होळी ते पाडवा मैदान द्या.

शेठनं विचारलं, "क्रिकेटच आहे ना?"

"क्रिकेटचा भाऊ आहे."

"सख्खा का चुलत?"

"चुलत."

"मंग घ्या," शेठ म्हणाला.

पहिल्या वर्षी नुसती शाळेची पोरं होती. मग जिल्ह्याची आली. सर संघटनेच्या इतके मागं लागले की शेवटी राज्याच्या मुलींच्या संघाचा कॅम्पच अंजनखेडला भरायला लागला, नॅशनलच्या आधीचा, दर वर्षी. पुण्या-साताऱ्याच्या, नागपूरच्या पोरी मजुरांच्या खोल्यांत राहायच्या. गावाला आधी वाटलं, ह्या धावतात तर चौकोनात धावतात, पोचत कुठंच नाहीत. पण तीन-चार वर्षांत किराणावाल्याची बायको पंचाशी भांडायला लागली. आणि वाटणीची पद्धत पडली. संध्याकाळी खेळाडू वाटून घ्यायचे, एका घरी दोघी, जेवायला. ज्याच्या वाट्याला पिचर येई तो आठवडाभर छाती काढून फिरे.

गद्रे साहेब, म्हणजे संघटनेचे सचिव, ते पुण्याहून पाहणी करायला आले होते आणि त्यांची दुसरी तक्रार ह्या वाटणीवरच होती.

"मुली येतात तेव्हा पळतात, बोंडे. जातात तेव्हा चालतात."

"गावाचं प्रेम आहे साहेब."

"प्रेमानं बेस चोरता येत नाही, त्याला पळावं लागतं. आमच्याकडे पुण्याला कॉलेजचं मैदान आहे. गवत आहे, हॉस्टेल आहे, मोजून-मापून जेवण आहे." मग साहेबांना सरांची थोडी दया आली असावी. "हे बघा, परवा पंजाबचा संघ हैदराबादला नॅशनलला जाताना इथं उतरतोय. सराव सामना ठेवलाय. मी समोर बसून बघतो. तुमच्या मुलींनी त्यांना हरवलं तर कॅम्प इथंच. नाही तर पुढल्या वर्षीपासून पुण्याला."

माझं हसू तिथंच आटलं.

कारण त्या संघात गावातली पोरगी मी एकटी होते. कुंदा तायडे, वय वर्षं एकोणीस. माझे बाबा जिनात काट्यावर होते, कापसाच्या गाड्या तोलायचे. बाबा खेळाच्या विरुद्ध नव्हते. पोरीनं खेळावं, फक्त दिवे लागायच्या आत घरात असावं. नॅशनलला बोंडे सरांच्या पत्नी, आमच्या बाई, सोबत असत म्हणून तेवढे आठ दिवस कसेबसे मान्य, आणि त्या आठ दिवसांत बाबांना अन्न गोड लागत नसे. कॅम्प केल्याशिवाय संघात घेत नाहीत. आणि पंधरा दिवस पुण्याला, सर नाहीत, बाई नाहीत, सगळं परकं. म्हणजे कॅम्प गावातून गेला की माझा खेळ संपला. कारंज्याचं एक स्थळ तर येऊन बसलंच होतं.

घरी येऊन मी खडा टाकून पाहिला. "बाबा, समजा कॅम्प पुण्याले गेला तर?"

"जाऊ दे ना मंग. आपलं मैदान मोकळं होईन."

"अन् मी?"

"तू काऊन जाशीन? तू कॅम्प हायस का?" बाबा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या घेऊन उठले. विषय संपला.

संपला नाही, कारण आतून मोठीमाय बाहेर आली. मोठीमाय म्हणजे माझी मोठी काकू, मोठेबांची बायको. आमच्या घराची खरी कारभारीण. तिला बेसबॉलचं वेड होतं असं नाही, पण वाटणीत दर वर्षी तिच्या वाट्याला येणाऱ्या पोरी तिला माहेरपणाला आलेल्या लेकींसारख्या वाटत. कॅम्प जातो म्हणजे काय?

"पंजाबच्या पोरी येतीन कव्हा?" तिनं विचारलं.

"परवा सकाळी. मॅच चार वाजता."

"दुपारचं जेवण कोणाकडे?"

"अजून ठरलं नाही."

"ठरलं," मोठीमाय म्हणाली. "रोडगे."

आता वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला रोडगे म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. जाड्या कणकेचे मुठीएवढे गोळे. गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडायचे, साजूक तुपात बुडवायचे, वरून वरण ओतायचं आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. खाताना स्वर्ग. खाल्ल्यावर माणूस जिथं बसला तिथंच आडवा होतो. आमच्याकडे रोडग्यांचं जेवण असलं की त्या दिवशी दुसरं काम कोणी धरत नाही.

"रोडगे खाल्ल्यावर तुहा मोठेबा देवाचं नाव घ्यायलेही तोंड उघडत नाही," मोठीमाय म्हणाली. "ह्या पोरी पळतीन कशा?"

मी उठून तिच्या गळ्यातच पडले.

बोंडे सरांना ही गोष्ट पटेना. ते म्हणाले, "वहिनी, हे खिलाडूपणाचं नाही."

"पाहुण्याले जेवू घालणं खिलाडूपणाचं नाही? कोणत्या शाळेत शिकले हो तुम्ही?"

खरं तर त्यांनाही कॅम्प जायला नको होता. सबंध उमर घातली होती त्या माणसानं ह्या मैदानावर.

डाव सोपा होता. पंजाबच्या पोरींना पंगतीला बसवायचं आणि आग्रह करकरून वाढायचं. आम्ही वाढपी. आमचं जेवण म्हणजे अकरा वाजता मुरमुरे आणि ताक. कोणी विचारलंच तर सांगायचं की आमच्याकडे आधी पाहुणे जेवतात. अर्ध्या गल्लीनं गोवऱ्या दिल्या, अर्ध्या गल्लीनं तूप. कॅम्पसाठी म्हटल्यावर कोणी हात आखडला नाही.

पंजाबच्या पोरी आल्या आणि मोठीमायनं मला कोपरानं ढोसलं. "ह्या पोरी हायेत?"

उंच, रुंद खांद्याच्या, कालची सगळी रात्र गाडीत काढून आलेल्या आणि तरी हसत होत्या. त्यांची पिचर परमजीत दारातून आत येताना वाकली. कोच बलविंदर मॅडम सलवार-कुडत्यावर शिट्टी अडकवून होत्या. जिनाच्या कडेला निंबाखाली पंगत मांडली, सगळ्या ओळीनं मांडी घालून बसल्या, गद्रे साहेब टोकाला. पानात रोडगे पडले, तूप पडलं, वरण पडलं. वास असा सुटला की मुरमुरे खाल्लेल्या आमच्या पोटात खड्डा पडला.

बलविंदर मॅडमनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. "ये लड़कियाँ नहीं खाएँगी?"

"ये बाद में," बोंडे सर म्हणाले.

"बाद में क्यों? एक साथ खेलना है तो एक साथ खाएँगी. हमारे यहाँ तो लंगर में राजा भी साथ ही बैठता है."

"नहीं नहीं, हमारा रिवाज है..."

"रिवाज तो हमारा भी है. जब तक ये नहीं बैठतीं, कोई निवाला नहीं तोड़ेगा."

आणि खरंच, एका झटक्यात सगळ्या पंजाबनं हात मागं घेऊन मांडीवर ठेवले.

मी मोठीमायकडे पाहिलं. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पानात वाढलेलं अन्न निवतंय आणि पाहुणे हात आखडून बसलेत, हे तिच्या उभ्या जन्मात कधी घडलं नव्हतं.

"बसा वं पोरीहो," ती म्हणाली.

"मोठीमाय, अवं पण मॅच..."

"बसा म्हणते ना. मॅच गेली खड्ड्यात. पाहुण्या उपाशी उठतीन माह्या दारातून."

बसलो. आणि मग जे झालं ते सांगायला नको. एकदा वाढायला लागली की आपली कोण आणि पंजाबची कोण हे मोठीमायला दिसत नसे. मी पानावर आडवा हात धरला तर तिनं हातावर वरण ओतलं. शुभदा, साताऱ्याची, आमची पहिल्या बेसवरची, ती रडवेली होऊन म्हणाली, "मोठीमाय, खरंच नको", तर मोठीमाय म्हणाली, "तोंड पाह्य कसं सुकलं तुहं," आणि दोन वाढले. गद्रे साहेब दर वेळी "अर्धाच घेईन" म्हणत होते. अर्धा-अर्धा करत साहेब कुठवर गेले ते कोणी पाहिलं नाही.

आणि पंजाब? परमजीतनं रोडगा एका मुठीत फोडला, तुपात घोळला, दोन घासांत संपवला आणि बोट वर केलं.

"आंटीजी, घी थोड़ा और."

मोठीमायचा चेहरा उतरला. आजवर पाहुण्यांनी तिच्यापुढं हात जोडले होते, पानं झाकली होती, उठून पळही काढला होता. स्वतःहून तूप कोणी मागितलं नव्हतं. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "कुंदे, आपला अंदाज चुकला वं."

वरणाची बादली बाबांकडे होती. परमजीतपाशी ते आले आणि तिथंच उकिडवे बसले. काहीतरी विचारत होते, ती खाता-खाता सांगत होती. बाबांची हिंदी म्हणजे ट्रकवाल्यांशी बोलून झालेली. मला वाटलं, पंजाबात कापसाला काय भाव आहे ते विचारत असतील. पुढच्या पानावरची पोरगी वरणासाठी थांबली होती आणि बाबा काही उठेनात.

चार वाजता सामना सुरू झाला. पहिल्याच चेंडूला मी उकिडवी बसले आणि पुन्हा उठता येईना. आमची पिचर सरोज, तिनं हात मागं नेला आणि ढेकर दिली. शुभदाला उचकी लागली होती. तिच्याकडे चेंडू फेकायच्या आधी आम्हाला उचकी मोजून फेकावा लागे. मैदानाच्या टोकाला आमच्या तिघी होत्या, त्यांतली एक सावली बघून खाली बसली ती बसलीच. आणि पंजाबच्या पोरी अशा धावत होत्या की एकादशी करून आल्यात असं वाटावं. आम्हाला दोन रन मिळाले. त्यांतला एक चेंडू सरकीत रुतला म्हणून, नाही तर तोही नाही.

किराणावाल्याची बायकोसुद्धा शेवटी भांडायची थांबली.

मी मात्र खेळत होते. पोट फुटायला आलं होतं, घाम डोळ्यांत जात होता, मास्कच्या आत मी रडत होते आणि चेंडू झेलत होते. एकही मागं जाऊ दिला नाही. मला माहीत होतं, आपल्या गावात आपण हे शेवटचं करतोय, आणि दुसऱ्या गावात करणं आपल्या नशिबात नाही.

सामना संपला तेव्हा गद्रे साहेब खुर्चीत झोपलेले होते. तिसऱ्या इनिंगलाच त्यांची मान पडली होती. टाळ्यांनी ते दचकून जागे झाले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "हं. कोण जिंकलं, बोंडे?"

मोठीमायनं सरांच्या पाठीत बोट खुपसलेलं मी पाहिलं. पंजाबच्या पोरी पलीकडे नळावर हातपाय धूत होत्या. सांगणारं कोणी नव्हतं. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मान वर ठेवली असती तर ती मी होकारार्थी हलवली असती.

"पंजाब, साहेब," सर म्हणाले. "चौदा-दोन."

"मग ठरल्याप्रमाणे," साहेब म्हणाले. जाताना त्यांनी मोठीमायनं दिलेला रोडग्यांचा डबा मात्र घेतला.

पंजाबची बस गेली तेव्हा परमजीत खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हात हलवत होती. मी घरी आले, मागच्या आवारात गेले आणि न्हाणीच्या दगडावर बसून पोटभर रडले. मोठीमाय शेजारी येऊन बसली. जेव म्हणाली नाही, म्हणजे तिलाही किती लागलं होतं ते समजा.

दिवेलागणीला बाबा जिनातून आले. ओसरीवर बसले. चहा घेतला. मग मला हाक मारली.

"पुणं किती दूर हाय?"

"रातभर गाडी," मी म्हटलं. माझा आवाज अजून ओलाच होता.

"हॉस्टेलले कुलूप असते का?"

"असन. मले काय माहीत?"

"अन् जेवाले?"

"मोजून-मापून देतात म्हणे."

"हे काही बरोबर नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी कप खाली ठेवला. "ते लंबी पोरगी होती ना, चेंडू फेकणारी. तिचा बाप शेतकरी हाय. आपल्यासारखाच. दोन दिवस गाडीत बसून पोरगी कुठची कुठं. म्या तिले इचारलं, बाई, तुह्या बापाले भेव नाही वाटत?"

"मंग?"

"म्हणे, वाटतं ना. लय वाटतं. तो स्टेशनवर येते तव्हा हातपाय थरथरतात त्याचे. म्या म्हटलं, तरी धाडते? तर म्हणे, हाँ चाचाजी, डरते-डरते भेज देते हैं."

बाबांनी डोळे पुसले की नुसता चेहरा पुसला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मले वाटत होतं, लोकांच्या बापाले भेव वाटत नसन, म्हणून धाडतात. आपल्याले वाटते, म्हणून आपण नाही धाडत. तर तसं काही नसते म्हणे." ते उठले. "तू जाजो पुण्याले. कारंजावाल्याले मी सांगतो काय सांगायचं ते."

आतून मोठीमाय म्हणाली, "भाऊजी, हे सकाळीच सांगितलं असतं तर माह्यं तूप वाचलं असतं."

पुढच्या फाल्गुनात अंजनखेडचं मैदान रिकामं राहिलं आणि मी पुण्याला निघाले. बाबा सोडायला येणार होते ते फक्त एसटी स्टँडपर्यंत. गाडी लागली, मी चढले, तर मागून तेही चढले. "अकोल्यापर्यंत येतो. तिथं गर्दी असते." अकोल्याला आगगाडीत जागा धरायला म्हणून डब्यात शिरले आणि गाडी सुटली तरी उतरले नाहीत. "भुसावळले उतरतो." भुसावळ आलं तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. बाबांना गाडीत झोप येत नाही हे मला माहीत होतं, पण मी उठवलं नाही. मनमाडला त्यांनी मला चहा पाजला आणि उतरण्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर मात्र ते थांबले. वॉचमनला कुलूप कुठलं, किल्ली कोणाकडे, सगळं विचारून घेतलं. "जाय आता," म्हणाले. "माही दुपारची गाडी हाय." मी पाया पडले. ते गेले ते एकदाही मागं न बघता गेले, आणि मला जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला बसले. नवं मैदान, नव्या पोरी, कोणाचं नाव माहीत नाही. मास्क लावला, ग्लोव्ह पुढं धरला. तेवढ्यात पाठीमागं, जाळीच्या पलीकडे, कोणीतरी खाकरलं. जिनाच्या धुळीनं बसलेला घसा. तसं खाकरणारा माणूस सगळ्या पुण्यात एकच असू शकत होता.

"ओ काका, इथं उभं राहायचं नाही," वॉचमनचा आवाज आला. "कालच जाणार होतात ना तुम्ही?"

"जाऊनच रायलो, भाऊ. जाऊनच रायलो."

पिचरनं हात मागं नेला होता, त्यामुळे मला वळून बघता आलं नाही. चेंडू आला, मी झेलला. मागं पावलं काही वाजली नाहीत.